नांदेडवाल्याचा जोड

लातुरातल्या तीन गॅरेजवाल्यांनी श्रीमंतला एकच सल्ला दिला होता: "भंगारात घाला." जीपची चासी गंजली होती. चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. तोच गेला, तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी नुसता देखावा. आता उरला होता निजामोद्दीन मिस्त्री. त्यानंही मान हलवली, तर जीप चाकूरच्या भंगारवाल्याला द्यायची, असं श्रीमंतनं बायकोला, सिंधूला, कबूल केलं होतं. कबूल केलं खरं, पण जीप भंगारात घालायला त्याचं मन तयार नव्हतं.

जीपही साधीसुधी नव्हती. भूकंपाच्या वेळी सहा दिवस श्रीमंत तिच्यातून किल्लारीकडून जखमी माणसं लातूरच्या दवाखान्यात आणत होता. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात चासी मोडली. मागं पाच जखमी कण्हत पडलेले. तेव्हा नांदेडहून मदतीच्या टेम्पोतून आलेला एक वेल्डिंगवाला गाडीखाली उताणा शिरला आणि अंगावर ठिणग्या झेलत त्यानं ती जोडली. पाचही माणसं वाचली. घाईत त्याचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं, आणि ही सल श्रीमंतला अकरा वर्षं छळत होती.

निजामोद्दीनच्या गल्लीत पूर्वी सात गॅरेजं होती. आता सगळीकडे बारावीच्या शिकवण्या. त्याच्या पत्र्याच्या शेडला लागूनच एक क्लास होता आणि तिथले सर माइकवर घसा फोडून रसायनशास्त्र शिकवत होते. निजामोद्दीन हातोडी घेऊन नुसता बसून राहिला.

"मिस्त्री, बघा की," श्रीमंत कासावीस झाला.

"क्लास सुटू द्या काका. ह्या गोंगाटात लोखंडाचं ऐकू येत न्हाई."

हा माणूस वेडा तरी आहे नाहीतर पक्का उस्ताद, असं श्रीमंतला वाटलं. क्लास सुटला, पोरांच्या सायकली गल्लीबाहेर गेल्या, तसा निजामोद्दीन गाडीखाली सरकला. हातोडी वाजू लागली. भद्द. भद्द. पुढं भद्द, मागं भद्द. त्यानं पटाशीनं डांबराचा थर खरवडला, तर आतून गंजाचे पापुद्रे गळून पडले.

"डांबर कुणी लावलं?"

"मी!" श्रीमंतला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "दर खंडेनवमीला. धुतली की लगेच फासायचं. पूजा वेळेत व्हायला पायजे ना."

"ओल्यावरच? मग पाणी आत कोंडलं की. तुमच्याच हातानं गंज पोसला तुम्ही."

श्रीमंत जुन्या टायरवर मटकन बसला. जीव लावला तोच हिच्या मुळावर आला, या विचारानं त्याची मान वर होईना.

आणि गाडीखालून आवाज आला. टण्ण! पुन्हा टण्ण! घंटेसारखा स्वच्छ.

"इथं डांबर कसं न्हाई?"

"तो नांदेडवाल्याचा जोड हाय. भूकंपाच्या वक्ताला, भर रस्त्यात, उताणं पडून केला त्यानं. त्याला करडईचं तेल चोळतो, हळदकुंकू वाहतो. पूजेच्या जागी डांबर फासतंय का कुणी?"

निजामोद्दीन बराच वेळ बाहेर आला नाही. अंगठ्यानं त्या जोडाची शिवण चाचपत राहिला. "काय हात हाय!" तो पुटपुटला. "उताणं पडून, रस्त्यात, आन् एवढी सरळ शिवण? मला टेबलावर जमायची न्हाई." मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "हा एक जोड जाग्यावर हाय, बस. हितनं माप धरतो आन् दोन्ही अंगांनी नवं लोखंड जोडत जातो. जगंल तुमची जीप."

श्रीमंतनं भर गल्लीत डोळे पुसले.

अठरा दिवस काम चाललं. सुकन्या, श्रीमंतची लेक, त्याच गल्लीत खोली घेऊन बारावीच्या शिकवणीला राहत होती. तिचा डबा पोचवायचं निमित्त करून श्रीमंत शेडमध्ये येऊन बसायचा. निजामोद्दीन सडकं लोखंड कापायचा, वीतभर जोडायचा, पुन्हा त्या जुन्या जोडापासून माप घ्यायचा. केसभर फरक दिसला की केलेलं तोडायचा. तीन वेळा तोडलं. असं काम श्रीमंतनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी श्रीमंत म्हणाला, "मिस्त्री, चासीवर तुमचं नाव टाका. मागं एकदा चुकलो मी."

"त्या जोडावर नाव हाय का?"

"न्हाई."

"मग माझं कशाला?" निजामोद्दीन हसला. "तेल लावा. डांबर लावलं तर गाठ माझ्याशी हाय."

खंडेनवमी आली. या वेळी श्रीमंतनं जीप दोन दिवस आधीच धुऊन कडक उन्हात वाळवली. हळदकुंकू आणि तेलाची वाटी घेऊन तो गाडीखाली शिरला. जुन्या जोडाशेजारी वेल्डिंगच्या काडीनं अक्षरं उठवलेली होती: नांदेडवाला, १९९३.

श्रीमंतनं अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यानं पुढून मागून सगळी चासी हातानं चाचपली. निजामोद्दीननं स्वतःचं नाव कुठंच टाकलं नव्हतं. मग श्रीमंत एकेका नव्या जोडाला कुंकू लावत मोठ्यानं म्हणू लागला, "निजामोद्दीन मिस्त्री. निजामोद्दीन मिस्त्री."

"कुणाशी बोलायलात खाली?" सिंधूनं वाकून विचारलं.

"नाव घ्यायलोय," तो म्हणाला. "ह्या वेळी इसरायचं न्हाई."