सेमीसीचा प्रार्थनेचा कार्यक्रम

बाप गेल्यापासून लेसिएली मागच्या अंगणातच होती. दुखवट्याची फाटकी, जाडीभरडी चटई छातीपर्यंत गुंडाळलेली, हात अळूचे कंद सोलून खाजणारे. टोंगात बाप गेला की लेकरांनी चुलीपाशी राबायचं आणि मेलेल्याच्या उशाशी बसायचा मान आत्याचा. यात तिला कधीच काही वावगं वाटलं नव्हतं.

माती देऊन झाली होती. बायकांनी रेडिओ लावला, कारण धाकट्या भावाच्या, सेमीसीच्या, प्रार्थनेच्या कार्यक्रमाची वेळ झाली होती. सकाळीच तो ध्वनिमुद्रित करून आला होता. बापासाठी चार चांगले शब्द बोलला असेल, एवढीच तिची अपेक्षा.

रेडिओतून बापच बोलला. "मला भीती वाटते गं, लेसिएली. दिवा घालवू नकोस. तिकडे कुणी आहे ना?" मग रडणं, अगदी लहान पोरासारखं.

सोलणारे हात थांबले. जन्मभर चर्चच्या गायकांना ताल देणारा, वादळात होडी घालणारा तो माणूस. त्याचं असं रडणं आता सगळ्या बेटानं ऐकलं.

शेवटच्या दिवशी सेमीसीनं खाटेजवळ मोबाइल धरलेला तिनं पाहिला होता. बहीणभावानं असलं समोरासमोर बोलायचं नसतं, म्हणून भावजयीकरवी निरोप धाडला: हे घराबाहेर जाता कामा नये. उत्तर आलं, "ताईचा शब्द मी मोडीन का?" आणि बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाहीच, म्हणून ती निर्धास्त झाली होती.

भावजय कालोलाइने लगबगीनं बाहेर आली. "वन्सं, रागावू नका. हे म्हणतात, फोनवर फोन येताहेत. माणसं रडताहेत, चर्चमध्ये परत येतो म्हणताहेत."

"वा. बापाला रडवून गिऱ्हाईक जमवलं म्हणायचं."

"असं काय बोलता? हे म्हणतात, बाबा जाता जाता देवाच्या कामी आले."

"बाबांना विचारलं होतं त्यानं?"

कालोलाइने आल्या पावली घरात परत गेली. बाप गेल्याचं दुःख लेसिएलीनं कसंबसं पेललं होतं. हे तिला पेलवेना. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती.

तेवढ्यात आत्या कात्री घेऊन बाहेर आली. शोकाची खूण म्हणून मेलेल्याच्या लेकरांचे आणि पुतण्यांचे केस तिनंच कापायचे. लेसिएलीची लांब वेणी आधी पडली. मग सेमीसी पुढे येऊन गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मान वाकवली. सारं गाव बघत होतं.

आत्यानं त्याची बट धरली.

"आत्या, त्याचे राहू दे," भावाकडे न बघता लेसिएली म्हणाली. "माझा बाप गेला. त्याचा अजून रेडिओवर बोलतोय."

आत्यानं कात्री खाली घेतली. मग तिनं बट सोडली. सेमीसी मान खाली घालून तसाच बसून होता. पाठीमागचा चुलतभाऊ त्याला वळसा घालून पुढे आला आणि आत्यापुढे बसला.