हात पुसायचं फडकं

"झालं का रे?" दादानं वरून विचारलं.

मी स्टेजच्या मागे पोटावर आडवा पडलो होतो. तोंडात टॉर्च, त्यामुळे उत्तर देता येत नव्हतं, आणि देता आलं असतं तरी दिलं नसतं. आल्यापासून तो हेच विचारत होता आणि उत्तराची वाट न बघता पुढचं बोलत होता.

"मॅनेजरनं स्पष्टच सांगितलंय. आज भुणभुण आली, तर उद्यापासून पेनड्राइव्ह लावणार. गिऱ्हाइकांना म्हणे जेवताना कानाशी माशी घोंगावल्यासारखं होतं. पेनड्राइव्ह! त्याला काय, पाणी लागत नाही की बसायला खुर्ची."

दादा या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी गिटार वाजवतो. इतकी वर्षं वाजवतोय की वेटर बदलले, पडदे बदलले, मॅनेजर तर किती बदलले. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, स्पीकर, येईल ते. आमच्या घरात वाटणीच अशी झाली, दादानं पुढे बसायचं आणि मी मागे वाकायचं. याचं वाईट वाटायचे दिवस केव्हाच सरले. आता फक्त गुडघे दुखतात.

महिन्यापूर्वीपर्यंत त्याचा एकच अँप्लिफायर होता आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यानं घरातला जुना माळ्यावरून काढला, दुहेरी वायर घेतली आणि एकाच गिटारचा आवाज दोन्हींतून काढायला लागला. तेव्हापासून ही पीडा.

"एका गिटारला दोन अँप कशाला लागतात?" मी बाहेर येत विचारलं.

"आवाज भरीव येतो."

"मग या दुसऱ्याचं तोंड तुझ्याकडे का? गिऱ्हाइकं तिकडे बसतात."

"तुला संगीतातलं काय कळतं?" तो म्हणाला. हे खरंच असल्यामुळे मी पुन्हा वायरींकडे वळलो.

लहानपणी मी त्याच्या गिटारला चोरून हात लावायचो, तेव्हा तो न्हाणीघरातून ओरडायचा, "तिसरी तार उतरलीय! ठेव ती खाली!" अंगावर पाणी ओतता ओतता त्याला ते कळायचं. आम्ही भावंडं त्या कानाला घाबरून असायचो.

भुणभुणीचं कारण मला आल्या आल्या कळलं होतं. दोन अँप्लिफायर, दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटांना लावलेले. दोघांचं अर्थिंग भिंतीतून जोडलेलं आणि गिटारच्या वायरीतून ते पुन्हा एकमेकांना जोडलेले. असा फेरा तयार झाला की लाइनची भुणभुण त्यात फिरत बसते.

"ओळखीचा एक ड्रमवाला म्हणत होता, एकाची अर्थिंगची पिन मोडून टाका," दादा म्हणाला. "लगेच जाते म्हणे."

"जाते ना. भुणभुण जाते, आणि एखाद्या दिवशी वाजवणाराही जातो. तारांवर हात कुणाचा असतो? ड्रमवाल्याचा?"

दादा हसला. जरा उशिरा हसला, पण हसला.

मी दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणले. भुणभुण कमी झाली, पण गेली नाही. आता एकच उपाय होता. एका अँप्लिफायरच्या वायरीत मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, म्हणजे गिटारचा आवाज पलीकडे जातो पण तारेला तार जोडलेली राहत नाही. तशी डबी मी पिशवीत आणली होती. उठलो. घाम इतका आला होता की हातातून पक्कड निसटत होती, म्हणून खांद्यावरचं फडकं घेतलं आणि हात पुसले.

"वा! गेली की रे!" दादा म्हणाला. "आता कसं शांत वाटतंय."

मी तसाच उभा राहिलो. दोन्ही अँप्लिफायर माझ्यामागे भुणभुणत होते. खिडकीजवळ चमचे मांडणाऱ्या वेटरनं मान वर करून दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चमच्यांत डोकं घातलं.

काम संपलं की मी हात पुसतो. आयुष्यभर दादानं मला तसं बघितलंय. आताही त्यानं तेवढंच बघितलं होतं. बाकी त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. मी फोन केला की 'हो हो' म्हणून ठेवून देणं. घरात टीव्हीचा दणदणाट. वहिनीचं चेष्टेनं म्हणणं, "ह्यांना हल्ली माझं काही ऐकायचंच नसतं बाई." त्यावर आम्ही सगळे हसायचो. आणि हा दुसरा अँप्लिफायर, दादाच्या डाव्या कानाकडे तोंड करून ठेवलेला.

"गेली," मी मोठ्यानं म्हणालो. "थांब, जरा पक्कं करून घेतो."

पुन्हा पोटावर आडवा झालो. डबी बसवली, वायरी घट्ट केल्या. भुणभुण खरोखरच थांबली आणि हॉलमध्ये एकदम चमच्यांचा आवाज स्पष्ट यायला लागला. मी तिथेच पडून राहिलो. बाहेर येऊन त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होत नव्हता.

शेवटी दादाच स्टेजच्या मागे येऊन, मी पडलो होतो तिथे माझ्या शेजारी उकिडवा बसला. त्यानं अँप्लिफायरच्या लाकडावर तळवा ठेवला, लहान मुलाचा ताप बघतात तसा.

"आत्ता गेली ना?" तो हळूच म्हणाला. "मघाशी गेली नव्हती."

"तुला कसं कळलं?"

"त्या चमचे मांडणाऱ्या पोरानं माझ्याकडे बघितलं त्यावरून."

मी उठून बसलो, त्याच्या डाव्या बाजूला सरकलो. "कधीपासून, दादा?"

"उजवा गेल्या वर्षीच गेला. डाव्यानं गिटार येते ऐकू, जवळून. माणसं तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाहीत."

"डॉक्टर?"

"मशीन लावा म्हणतो. मशीन लावून वाजवणारा माणूस ठेवेल का हा मॅनेजर? तो निमित्तच शोधतोय."

"वहिनीला माहीत आहे?"

"तिला वाटतं, मी तिचं ऐकत नाही." त्यानं लाकडावरचा तळवा उचलला. "वाटू दे. रागावते, पण निदान रडत तरी नाही."

मी दमलो होतो. दुकानात कामं पडली होती, सकाळपासून धड जेवलो नव्हतो, आणि हा माझा मोठा भाऊ जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होता.

"आज थांबशील?" त्यानं विचारलं. "मध्येच पुन्हा आली तर मला कळणार नाही."

"थांबतो. आली तर खूण काय करू?"

"नवीन काही नको. तू समोर बस, फडकं हातात ठेव. गाणं संपलं की मी बघेन. हात पुसलेस की समजेन सगळं ठीक आहे."

संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाशी चहा घेऊन बसलो. हॉल भरला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला आणि वाजवायला लागला. बोटं अजून तीच होती. पहिलं गाणं संपलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात पुसले. दुसरं संपलं, पुन्हा पुसले. मॅनेजर स्टेजजवळून गेला, क्षणभर कान देऊन उभा राहिला आणि काही न बोलता गल्ल्याकडे वळला. भुणभुणीचा मागमूस नव्हता. माझं काम चोख झालं होतं.

मग दादानं त्याची आवडती संथ धून घेतली. अर्ध्यावर आली असेल नसेल, तिसरी तार उतरली. थोडीशीच, पण मलासुद्धा कळली, ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्याला. दादा डोळे मिटून वाजवत राहिला. जवळच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवली. धून शेवटपर्यंत तशीच गेली.

त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तार उतरल्याची खूण आम्ही ठरवलीच नव्हती. दादा वाट बघत होता. मी फडकं उचललं आणि हात पुसले.