ओल्या खाचा, कोरड्या खाचा

कळकाच्या काठीला तोंड नसतं, पण माझ्या अंगावर वीस खाचा आहेत. आज त्यांच्याच जोरावर चार शब्द बोलते. मी उमापूरच्या रस्त्यावरच्या एका दूध केंद्रातली मोजकाठी.

चकलांब्याच्या एका बांधावर मी वाढले. केंद्रातला जुना कामगार सटवा यानं मला तोडलं, तासलं आणि चार-चार बोटांवर करवतीनं खाचा पाडल्या. दुखलं, पण त्यामुळेच मी बाकीच्या काठ्यांसारखी गुरं हाकत फिरले नाही.

दुधाचे कॅन धुवायचं पाणी एका टाकीत असतं. रोज सकाळ-संध्याकाळ त्या टाकीत बुडी मारायची, एवढंच माझं काम. संध्याकाळी केंद्रप्रमुख सोमेश्वर सर आकडा विचारून टँकर मागवायचे. बाकी दिवसभर मला कोण पुसतंय? कुणी माझ्यावर ओलं फडकं वाळत घाली, कुणी मला टेकून तंबाखू मळी. कामापुरता मामा, हा माणसांचा स्वभावच आहे.

मग राजश्री आली. ती दूध तपासायची, आणि नोकरी सांभाळून विद्यापीठाचा पर्यावरणाचा अभ्यासक्रम करायची. शेवटचा प्रबंध कामाच्या जागीच प्रयोग करून लिहायचा होता. तिनं विषय घेतला आमच्या टाकीचा. कॅन शेवटी विसळलेलं पाणी वेगळं साठवायचं, त्यानंच पुढच्या कॅनची पहिली धुलाई करायची, आणि किती पाणी वाचतं ते मोजायचं.

पहिला महिना जुन्याच पद्धतीचा. तेव्हा राजश्री स्वतः मला बुडवायची, ओल्या खाचा मोजायची आणि ओढणीच्या टोकानं मला पुसायची. इतकी माया माझ्यावर कुणी केली नव्हती. सकाळी अठरा, संध्याकाळी सहा. म्हणजे दिवसाला बारा खाचा पाणी लागत होतं.

दुसऱ्या महिन्यात नवी पद्धत सुरू झाली, पण राजश्रीला दोन्ही वेळा दूध तपासणीवर बसवलं. मग सकाळी सटवा मोजू लागला आणि संध्याकाळी कॅन धुणारी केसरबाई. दोघं वहीत नुसता आकडा लिहीत. सकाळी अठरा, संध्याकाळी बारा. राजश्रीनं वजाबाकी केली, तर खर्च फक्त सहा! निम्मं पाणी वाचलं होतं! सोमेश्वर सरांनी फाटकावर फलकच रंगवून घेतला, ‘पन्नास टक्के पाणी बचत’.

मी भिंतीला टेकून आतल्या आत तडफडत होते. कारण मला ठाऊक होतं, संध्याकाळी माझं अंग आठ खाचांपर्यंतच भिजत होतं.

प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाच वाजता विद्यापीठाचं संकेतस्थळ बंद होणार होतं. सोमेश्वर सरांच्या सहीशिवाय प्रबंध चालणार नव्हता, आणि आज चुकला तर सहा महिने वाया जाणार होते. दुपारी दोनला, त्या दिवसाची धुलाई आटोपल्यावर, राजश्री फोटो काढायला मला टाकीशी घेऊन आली. केसरबाईनं मला बुडवून वर काढलं.

“बारा,” ती म्हणाली.

राजश्रीचा मोबाइल हातातच राहिला. “मावशी, कुठं बारा? आठ भिजल्यात.”

“आवं ताई, ह्या वरल्या बारा कोरड्या हायेत की! आमच्या गावात टँकर यायचा, तवा टँकरवाला इचारायचा, किती रिकामं हाय? भरलेलं सांगून काय उपेग? रिकामंच सांगायचं असतंय.”

राजश्रीनं वही उघडली. सटवानं महिनाभर ओलं मोजलं होतं, केसरबाईनं कोरडं, आणि तिनं एकातून दुसरं वजा केलं होतं. विसातून बारा गेले आठ. अठरातून आठ गेले दहा. बारातल्या वाचल्या होत्या फक्त दोन खाचा, म्हणजे शेकडा सतरा.

“ताई, माझ्यामुळं तुमचा सत्यानास झाला का?” केसरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाही मावशी. मीच विचारलं नाही.”

राजश्री लगेच कामाला लागली. वहीतला संध्याकाळचा एकेक आकडा विसातून वजा केला. तक्ते बदलले, निष्कर्ष खोडला आणि चूक कशी झाली त्याचं एक पान नव्यानं लिहिलं. घड्याळात सव्वाचार झाले होते. मला मदत करता येत नव्हती, याचा मला फार राग आला.

सोमेश्वर सरांनी ते पान वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“पन्नासाचे सतरा कामून केले? फलक लागलाय बाहेर! वहीत बारा हाय ना? मग बारा राहू द्या. काठीला इचारायला कोण येतंय?”

“सर, खोटं आहे ते.”

“मग सही न्हाई.”

साडेचार वाजले. राजश्रीनं पान मागे घेतलं नाही. तेवढ्यात ओल्या हातांनी केसरबाई आत शिरली. काखेत नुकतीच पुन्हा टाकीत बुडवलेली मी होते.

“सायेब, मी अडाणी हाय, पर एक सांगा. रोज सांजच्याला मी बारा म्हणते, तवा तुमी फोनवर काय बोलता?”

तिनंच सरांचा आवाज काढला.

“‘बारा खाचा रिकाम्या हायेत, टँकर धाडा.’ आसंच ना? मग टँकर मागवताना माझं बारा रिकामं, आन् ताईच्या वहीत त्येच बारा भरलेलं कसं?”

तिनं मला टेबलावर आडवं ठेवलं. आठ खाचा अजून ओल्याच होत्या. सरांनी माझ्या ओल्या खाचा बोटानं मोजल्या. मग पेन उचलून त्यांनी सही केली. पाच वाजायला सात मिनिटं असताना प्रबंध गेला.

गुण अजून लागायचे आहेत. फाटकावरच्या पन्नासावर सटवानं चुना फासलाय. राजश्रीनं माझ्या खालच्या टोकाला ‘ओलं’ आणि वरच्या टोकाला ‘कोरडं’ असं रंगानं लिहिलंय.

माणसांनो, एवढंच मागते. कुणी आकडा सांगितला, तर तो कुठून मोजलाय ते आधी विचारा. काठीला विचारायला कोण येतंय, असं सर म्हणाले होते. केसरबाई आली. आता ती हाक मारतेय, टँकर यायची वेळ झाली. मला बुडायला हवं.