युद्धात बटाटे बसत नाहीत

'युद्धाच्या साक्षीदाराची मुलाखत' या प्रकल्पात आठवीतल्या श्रुतिकाला दहापैकी चार गुण पडले, तेव्हा साक्षीदार घरातच सोफ्यावर बसून पेपर वाचत होता.

काशीरामनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चारच. एकाहत्तरच्या डिसेंबरात ते स्वतः पूंछच्या रस्त्यावर लष्कराचा ट्रक चालवत होते, आणि आता कांदिवलीतल्या एका शाळेच्या मते ते त्या युद्धात नीट हजर नव्हते.

नातीने लिहिलं होतं ते सगळं त्यांनीच सांगितलेलं. मागचा ट्रक गुणाजीचा, त्यांच्याच गावचा, त्यांच्याच वाडीतला. ट्रकमध्ये बटाटे. रस्त्यावर बर्फाची काच झालेली. एका वळणावर चाक सरकलं आणि गुणाजी बटाट्यांसकट दरीत गेला. उजाडल्यावर काशीराम खाली उतरले, तर दरीभर बटाटे, गोठून दगड झालेले, आणि त्यांच्यामध्ये गुणाजी, एका पायात बूट नसलेला. शत्रू त्या दिवशी कोणालाच दिसला नव्हता.

ते शाळेत गेले. इतिहासाच्या रेवती मॅडमनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग गुणांची विभागणी समजावली. शत्रूला तीन, शौर्याला तीन, देशासाठी संदेशाला दोन, हस्ताक्षराला दोन. हस्ताक्षराचे दोन श्रुतिकाला मिळाले होतेच. वरचे दोन मॅडमनी आजोबांच्या वयाकडे बघून दिले होते.

"तुम्ही तिथे होतात हे शंभर टक्के मान्य, काका," त्या म्हणाल्या. "पण पॉइंट्स येत नाहीत ना."

काशीरामनी विचारलं की सैन्य जेवतं, तर बटाट्यांना अर्धा गुण तरी? मॅडमनी खरोखर विचार केला. बटाट्यांचा भाग त्यांना आवडला होता, पण तो विज्ञानात, आहार आणि पोषणाच्या धड्यात बसला असता. सोमवारपर्यंत सुधारून दिलं तर त्या पुन्हा तपासणार होत्या.

घरी श्रुतिकाचा चेहरा उतरलेला. हे गुण वार्षिक निकालात धरणार होते.

"आजोबा, थोडीशी गोळी घालू का?"

काशीरामनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, घाल. वहीतच तर आहे, वहीबाहेर कोण वाचतंय.

थोडीशी घालता घालता सात गोळ्या झाल्या. दहापैकी दहा मिळाले. मॅडमना तो मजकूर इतका भावला की विजय दिनासाठी त्यांनी त्याचं नाटुकलं बसवलं, आणि गुणाजीच्या कुटुंबातलं कोणी आहे का म्हणून चौकशी केली. श्रुतिकाने नलिनी आजीचा नंबर दिला. आजोबांना सरप्राइज द्यायचं म्हणून घरी कोणी बोललं नाही. त्यामुळे शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत काशीरामना बसवलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर नलिनी, गुणाजीची धाकटी बहीण, आधीच बसलेली होती, दिंडोशीहून रिक्षाने आलेली, खांद्यावरून 'वीरभगिनी' लिहिलेला पट्टा.

गुणाजी गेल्याची बातमी तिला काशीरामनीच सांगितली होती, ट्रक, बर्फ, बटाटे, सगळं, सुट्टीवर गेल्यावर, गावच्या खळ्यात उभं राहून. तिने तेव्हा एवढंच विचारलं होतं, फार दुखलं का त्याला.

पडदा उघडला. ट्रक नव्हताच. गुणाजी म्हणून सातवीतला एक गुटगुटीत मुलगा पुठ्ठ्याची मशीनगन घेऊन आला. प्रत्येक गोळीला ढोल वाजला, प्रत्येक वेळी तो पडला आणि प्रत्येक वेळी उठला. सातव्या गोळीनंतर त्याने झोपूनच हिंदीतून देशाला संदेश दिला. खऱ्या गुणाजीला 'गाडी आगे लो' यापलीकडे हिंदी येत नव्हती. काशीरामनी बाजूला पाहिलं. नलिनीने पदर तोंडाशी धरला होता, पण ती रडत नव्हती. ती टक लावून बघत होती.

मग मॅडमनी माईक काशीरामच्या हातात दिला. दोन शब्द.

"गुणाजीला गोळी लागली नाही," ते म्हणाले. "रस्ता निसरडा होता. ट्रक पडला. त्यात बटाटे होते."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. रेवती मॅडमनी हळूच माईक काढून घेतला. त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते.

"पाहिलंत मुलांनो? खरा सैनिक स्वतःच्या माणसांचं शौर्य कधीच बोलून दाखवत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलं उभी राहिली, पालक उभे राहिले. श्रुतिका स्टेजच्या कडेला उभी राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

काशीराम खुर्चीवर येऊन बसले. त्यांनी नलिनीकडे वळून पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं.

"इतकी वर्सां माका फसवलंस तां फसवलंस, काशी," ती म्हणाली. "आज पोरांसमोर तरी खरां सांगूचां होतां."