फोटो धुणाऱ्याचा हात

"खाजवू नकोस म्हटलं ना, माऊ."

"मी नाही खाजवत. हात खाजवतोय."

त्वचेच्या डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी माऊचा हात दिव्याखाली धरून कोपराची आतली बाजू पाहिली. कातडी लाल आणि जाड झाली होती, आणि भेगांवर मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या होत्या. गुडघ्यांच्या मागेही तसंच.

"अंघोळीला साबण किती वेळा?"

"दोनदा," आई जरा अभिमानानेच म्हणाली. "सकाळी, आणि शाळेतून आली की पुन्हा. खसाखसा घासते. घाण म्हणून राहू देत नाही."

"तिथंच गडबड होतेय. चांगली त्वचा किंचित आंबट असते, म्हणून वाईट जंतूंना तिथं फार पसरता येत नाही. हिच्या त्वचेत तो आंबटपणा मुळातच कमी, त्यात साबण उरलासुरला घालवतो. मग जंतूंचं फावतं, खाज वाढते, खाजवलं की भेगा पडतात आणि जंतू आणखी आत शिरतात. आधी साबण थांबवा. मलमही बदलून देते."

दाराशी माऊच्या चपला हातात धरून तिचा बाप उभा होता. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द त्याच्या कानात राहिला. आंबट.

तो एका स्टुडिओत फोटो धुवायचा. दिवसभर अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली. मालक त्याला काळोख्या म्हणत. "काळोख्या, ये जरा उजेडात, नाहीतर कोंब फुटतील तुला," अशी हाक आली की तो डोळे मिचकावत बाहेर यायचा, चहा प्यायचा आणि पुन्हा आत. बोलायचं कमी. ओला कागद कडेने उचलायचा, त्याला नख लागू द्यायचं नाही, कारण एकदा ओरखडा पडला की त्या चेहऱ्यावर तो कायमचा. या कामाने त्याचा हात इतका हलका झाला होता की मलम लावायला माऊला बाबाच लागायचा. "आई भांडी घासते तशी लावते," ती म्हणायची. रोज संध्याकाळी ती त्याच्यासमोर बसून दोन्ही कोपरं पुढे करायची आणि शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगायची. बाहेरच्या जगाशी त्याचं जे काही बोलणं व्हायचं, ते बहुतेक तेवढंच.

दुसऱ्या दिवशी काम करताना तो समोरच्या ट्रेंकडे बघत राहिला. पहिल्या ट्रेतलं पाणी साबणासारखं बुळबुळीत. त्यात चित्र उमटत कागद काळा होत जातो, आणि वेळेवर काढला नाही तर होतच राहतो. म्हणून शेजारी आंबट पाण्याचा ट्रे. त्यात कागद बुडवला की बुळबुळीतपणाचा सगळा खेळ जागच्या जागी थांबतो. हे तर त्याला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. स्वतःच्या हातांकडे त्याने पाहिलं. रोज त्या आंबट पाण्यात बुडणारे हात, आणि त्यांना कधी साधी खरूज नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या कामाचा घरी उपयोग होणार, असं वाटून त्याला हुरूप आला. औषधाच्या रिकाम्या बाटलीत त्याने थोडं आंबट पाणी भरून घेतलं.

रविवारी दुपारी आई बहिणीकडे गेली होती. त्याने बाटलीत निम्मं साधं पाणी घातलं, वास घेऊन पाहिला, आणि फडकं भिजवून माऊच्या कोपराला गुंडाळलं.

"झोंबतंय, बाबा."

"झोंबणारच जरा. जंतू पळतायत."

"कुठे?"

"बाहेर."

"मग दार तरी उघड."

त्याला हसू आलं. माऊही हसली, पण अर्धवट. तिने हात ओढून घेतला नाही. बाबाने केलंय म्हणजे बरोबरच असणार, अशा भरवशाने ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"आता सोड ना."

"थोडं अजून."

तिने ओठ दाताखाली धरला. मग एकदम अशी किंचाळली, की शेजारीण दारात आली. फडकं काढलं तर खालची कातडी लालबुंद होऊन सोललेली.

आई परत आली तेव्हा त्याच्या हातात बाटली तशीच होती.

"काय लावलंत हे?"

"डॉक्टरच म्हणाल्या ना, आंबट..."

"साबण थांबवा म्हणाल्या त्या. आंबट ओता म्हणाल्या का? पोरगी म्हणजे काय फोटो वाटला तुम्हाला?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटलीचा वास घेतला आणि ती लांब ठेवली. "अहो, त्वचेचा आंबटपणा अगदी हलका असतो. आणि तो तिचा तिनेच आतून तयार करायचा असतो. आपण फक्त मध्ये यायचं नाही." त्या आवाज न चढवता बोलल्या. चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढे माऊचे हात सुधारले. साबण बंद झाला, मलम नेमाने लागलं. खपल्या गेल्या, भेगा मिटल्या. रात्री ती गाढ झोपू लागली. मलम मात्र आता आई लावायची. बाप घरी येऊन शेजारी बसला की माऊ हळूच सरकायची. "वास येतो," एवढंच म्हणायची. रागाने नाही, थंडी वाजते म्हणावं तसं. तो मोरीत जाऊन हात साबणाने घासायचा, कोरडे पडेपर्यंत घासायचा. तरी ती सरकायचीच. शाळेतल्या भानगडी आता स्वयंपाकघरात सांगितल्या जायच्या. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पुढे धरून तो त्या ऐकायचा. वर्गात बाईंची खुर्ची कशी मोडली ते ऐकून तर त्याला मोठ्याने हसू आलं, आणि आतलं बोलणं थांबलं. तेव्हापासून तो ऐकताना आवाज करत नसे.

एका संध्याकाळी आईला यायला उशीर झाला. माऊने कोपरांना आपलं आपण मलम लावलं. मग गुडघ्यांच्या मागे लावायला वळून, वाकून, आरशासमोर एका पायावर उभं राहून पाहिलं. जमेना.

"मागचं दिसत नाही मला," ती म्हणाली. कोणाला उद्देशून ते कळलं नाही, पण घरात तो एकटाच होता.

तो उठला. हात पुढे झाले. माऊ एक पाऊल मागे सरली, थोडा विचार करून स्वयंपाकघरात गेली आणि चमचा घेऊन आली.

"याने लाव."

त्याने चमचा घेतला. गार होता. तो उबदार होईपर्यंत त्याने मुठीत धरून ठेवला. मग चमच्याच्या पाठीवर मलम घेऊन तो तिच्यामागे जमिनीवर बसला. खुर्ची घट्ट धरून ती ताठ उभी होती.

"टोचलं तर सांग."

"सांगेन. पण सांगितलं की लगेच थांबायचं."

"लगेच," तो म्हणाला, आणि त्याने चमचा हलकेच टेकवला.