खिडकीतला कागद

पंचवीस मिनिटं त्या प्रवासी विमानाने कुणाच्याही हाकेला ओ दिली नव्हती, आणि नाकासमोर शहराकडे चाललं होतं. अपहरण झालंय की नुसताच रेडिओ रुसलाय, हे बघायला सकाळी साडेआठला मला आणि मामाला वर पाठवलं. मामा म्हणजे माझ्या जोडीच्या लढाऊ विमानाचा वैमानिक. सगळ्या तळाचाच मामा.

बाळंतपणाच्या रजेनंतरची माझी ही पहिलीच खरी धाव.

"हात विसरले नाहीत ना, भाची?" त्याने रेडिओवर विचारलं.

"हात नाही, झोप विसरलेय."

असं विमान गाठणं सोपं असतं; त्याच्या शेजारी रेंगाळणं अवघड. हे तर पंख्यांचं, साठ-सत्तर माणसांचं, संथ. नुकतंच चालायला लागलेल्या लेकराचं बोट धरून चालताना आपलीच कंबर मोडते, तसं माझं विमान नाक वर करून थरथरत होतं. फार जवळ गेलं तर धडकायची भीती, लांब राहिलं तर आतलं दिसत नाही. मामा त्याच्या मागे थांबला. नेम तिथूनच धरतात.

कॅप्टन डावीकडे बसतो, म्हणून डावीकडून थोडं पुढे जायचं आणि पंख हलवायचे. त्यानेही हलवले की समजायचं, कळलं. मी हलवले. पुन्हा हलवले. काहीच नाही.

"काय दिसतंय?" खालून रडारवरच्या ताईंनी विचारलं. "शहर सात मिनिटांवर आलंय."

"कॅप्टनच्या खिडकीला आतून कागद लावलाय."

"मुद्दाम?"

"आपोआप कसा लागेल?"

"मग संपलंच की," मामा हळूच म्हणाला.

मला मात्र त्या कागदाचं राहून राहून नवल वाटत होतं. लपायचंच असेल, तर समोरची काच कुणी उघडी ठेवेल का? आणि कागदही बरोबर डोळ्यांच्या उंचीला, एक कोपरा सुटलेला. माझा डावा गाल उन्हाने भाजत होता. गाडीत लेकीच्या डोळ्यांवर ऊन आलं की मी तिचं दुपटं खिडकीत असंच अडकवते.

"ताई, मला उजवीकडे जाऊ द्या. त्यांनी उन्हासाठी लावलाय, असं वाटतं."

"वाटतं?" हा आवाज ताईंचा नव्हता, मोठ्या साहेबांचा होता.

"हो साहेब, वाटतंच. बघायला दोन मिनिटं लागतील."

मग, "जा."

मी खालून पलीकडे निघाले. उजवीकडची काच लख्ख होती. सहवैमानिक मांडीवर डबा घेऊन जेवत होता. त्याने वर पाहिलं आणि घास तोंडातच राहिला. मी पंख हलवले. त्याने शेजारी असं काही ढोसलं की मलाच बरगडीत लागल्यासारखं झालं. कागद फाटून खाली आला असावा, कारण क्षणभराने त्यांचे पंख हलले. इतके, की आतल्या सगळ्यांचा चहा सांडला असेल.

मग आपत्कालीन वाहिनीवर त्यांचा आवाज आला. रेडिओचा आकडा चुकीचा फिरवून इतका वेळ ते भलत्याच वाहिनीवर बसले होते.

"मॅडम," कॅप्टन म्हणाला, "आम्हाला तुम्ही दिसलाच नसतात तर?"

त्यांच्या मागे, नेमाच्या जागेवरून, मामाचा लांब निःश्वास रेडिओवर ऐकू आला. उत्तर मला माहीत होतं.

"सावकाश वळा," मी म्हणाले. "आत पोरंबाळं असतील."