तीन रस्त्यांपुरता आवाज

मित्रांनो, मी एक जुना, डब्याएवढा ट्रान्समीटर आहे. घरातल्या रेडिओवर जो आवाज ऐकू येतो, तो हवेत सोडण्याचं काम माझ्यासारखे करतात. मोठ्या शहरांतले माझे भाऊबंद शंभर-शंभर मैल बोलतात. माझा आवाज जेमतेम तीन रस्ते जातो. एवढ्या कमी ताकदीच्या यंत्राला अमेरिकेत परवाना लागत नाही, म्हणून मी एका चर्चच्या वाट्याला आलो.

मॅसेच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात हे चर्च आहे. दर रविवारी दुपारी तिथे नगर, नाशिक, पुण्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबं उपासनेला जमतात. त्याच चर्चचा तळघरातला हॉल दर एप्रिलमध्ये गावातल्या बौद्ध मंडळींना भीमजयंतीसाठी मिळायचा. त्यांच्यातला बुद्धभूषण रामटेके हा नागपूरचा इंजिनियर. हॉलबद्दलची कृतज्ञता म्हणून त्याने २००१ साली, नोकरी सुटून घरी बसला होता तेव्हा, मला स्वतःच्या हाताने जोडलं. सुटे भाग टपालाने मागवले, एकेक सांधा डाग देऊन पक्का केला, छतावर उंच दांडी उभारली आणि तिथून तांब्याची एक तार जमिनीत नेऊन पुरली.

"सगळा खेळ या तारेचा आहे," तो सुचित्राताईंना म्हणाला. "ती नीट असली तर हा बोलेल. वर्षातून दोनदा बघत जा."

सुचित्रा साळवे चर्चच्या पाळकांना कामात मदत करायच्या. दर वर्षी नाताळाआधी चार आठवडे आणि ईस्टरआधी चार आठवडे मला चालू करायचं, शेजाऱ्यांना चर्चची ओळख होऊ द्यायची, असं ठरलं होतं. पहिली तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं. सुचित्राताई रोज दुपारी माइकसमोर बसायच्या. दहा मिनिटं इंग्रजीत, दहा मिनिटं मराठीत. आज रस्ता कुठे निसरडा आहे, कोणाचं मांजर हरवलंय, कोण आजारी आहे, मग एक छोटी प्रार्थना.

दोन रस्ते पलीकडे अंजनामावशी राहायच्या. मूळच्या नगरच्या. मुलगा अमित दिवसभर ऑफिसात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना वॉकरशिवाय चालता येत नसे. त्या नेमाने मला ऐकायच्या आणि रविवारी भेटल्या की सुचित्राताईंना सांगायच्या, "सलाम, बाई. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारी तू एकटीच."

हे ऐकून मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

पुढे चर्चच्या समितीचे अध्यक्ष म्हणून शैलेंद्र भांबळ आले. सगळे त्यांना शैलेंद्रकाका म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं नीटनेटकं हवं असे. एकदा सुचित्राताईंना बोलता बोलता खोकल्याची उबळ आली, तर ते म्हणाले, "लाइव्हमध्ये फार मिस्टेक्स होतात. आपण प्रवचनं रेकॉर्ड करू या. प्रोफेशनल वाटेल."

आणि मग सुरू झाली ती सीडी. तीन प्रवचनं. सकाळी तीच, दुपारी तीच, संध्याकाळी तीच, चार आठवडे. पुढच्या वर्षीही तीच! बाहेर रस्त्यावर बर्फ साचलंय, समोरच्या घरात बाळ जन्मलंय, आणि मी सांगतोय काय, तर दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात दिलेलं प्रवचन. माझ्याकडे आवाज होता आणि सांगण्यासारखं काही मला कोणी देत नव्हतं. अंजनामावशींनी अमितच्या हाती चिठ्ठी पाठवली होती : "तिन्ही प्रवचनं पाठ झाली. आता कोणीतरी बोला." समितीच्या बैठकीत ती वाचली गेली. सगळे हसले. चिठ्ठी घडी घालून ठेवली गेली.

बुद्धभूषण २००५ मध्ये नव्या नोकरीसाठी जर्सी सिटीला गेला. त्यानंतर छतावरच्या तारेकडे कोणी पाहिलंच नाही. उन्हाळे गेले, बर्फ पडलं, वितळलं, तार हिरवी पडत गेली. मला ते कळत होतं. माझा आवाज तीन रस्त्यांवरून दोनावर आला, मग दीडावर. पण तक्रार करायला मला स्वतःचं तोंड कुठे आहे?

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये शैलेंद्रकाका म्हणाले, "आता वेबसाइट आहे आपली. प्रवचनं तिथे टाकली की वर्ल्डमध्ये कुठूनही ऐकता येतात. तो डबा कशाला?" सुचित्राताई म्हणाल्या, "काका, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे कुठे कम्प्युटर आहे?" पण हात वर झाले, ठराव झाला, आणि मी तळघरातल्या कपाटात घडीच्या खुर्च्यांमागे जाऊन पडलो.

त्याच डिसेंबरात तो गोठणारा पाऊस आला. शुक्रवारी पहाटे पडलेला प्रत्येक थेंब झाडांवर, तारांवर काचेसारखा घट्ट बसला. फांद्या कोसळल्या, विजेच्या तारा तुटल्या, सगळं गाव गारठलं. चर्चमध्ये जनरेटर होता. सुचित्राताईंनी दुपारपर्यंत हॉल उघडला, हीटर लावले, सूप शिजवलं. पण हे सांगणार कसं? वीज नाही म्हणून वेबसाइट नाही, घरांतले बिनतारी फोनही बंद, रस्त्यांवर झाडं आडवी. पहिल्या दिवशी जेमतेम बारा माणसं आली.

शनिवारी सकाळी ताईंना माझी आठवण झाली. त्यांनी खुर्च्या बाजूला लोटल्या, मला वर नेलं, वायरी जोडल्या. माझा दिवा लागला. पण त्यांच्या बॅटरीवरच्या रेडिओत नुसती खरखर. त्यांनी मोबाइलवरून जर्सी सिटीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"भूषण, लाइट लागतोय रे, पण आवाजच नाही."

"ताई, छतावरून खाली येते ती तार बघितली का?"

शैलेंद्रकाका बाहेर जाऊन आले. त्यांच्या हातमोज्यात हिरव्या तारेचा तुकडा होता. "हात लावला आणि तुटलीच," ते म्हणाले.

 पलीकडून बुद्धभूषण म्हणाला, "दोन वर्षांत कोणीच नाही बघितली, यार? बरं. तुटली तिथे सुरीने घासा, लाल तांबं दिसेपर्यंत. मग दुसरी कुठलीही तार पिळून जोडा."

बर्फात गुडघे टेकून काका दोन तास घासत होते. दुपारी एक वाजता माझ्यात पुन्हा जीव आला. सुचित्राताई धापा टाकतच माइकसमोर बसल्या. आधी इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत :

"चर्चचा हॉल गरम आहे. जेवण आहे, कोणीही या. ज्यांना चालता येत नाही, त्यांनी दाराला काहीतरी रंगीत बांधा. आम्ही न्यायला येतो."

हेच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. खोकल्या, अडखळल्या, कोणी थांबवलं नाही. तासाभरात काका आणि आणखी तिघे हॉलमधून निघाले. चार घरांच्या दारांवर रंग दिसला. चौथ्या घराच्या कठड्याला जांभळी साडी बांधलेली होती.

ते घर अंजनामावशींचं होतं. अमित कामासाठी विमानाने दूरच्या नेपरव्हिल गावी गेला होता आणि विमानं बंद असल्याने तिकडेच अडकला होता. मावशीही त्याच्याबरोबर गेल्या असतील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. काकांनी त्यांना ब्लँकेटात गुंडाळून आणलं, तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते, बोटं वळत नव्हती. हीटरजवळ बसून, थोडं सूप पोटात गेल्यावर त्या बोलल्या.

"काल सकाळपासून बॅटरीवर रेडिओ लावून बसले होते. नाताळाचा महिना आहे, म्हटलं, आज तरी कोणी बोलेल. दीड दिवस नुसती खरखर ऐकली रे शैलेंद्र."

 काकांनी मावशींचे हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ चोळत राहिले.

मावशींना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे त्या हॉस्पिटलात होत्या. जगल्या, पण अमितने नंतर त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं आणि ती दोघं नेपरव्हिलला राहायला गेली. तिथवर माझा आवाज पोचत नाही.

त्या आठवड्यात माझं फार कौतुक झालं. पाळकांनी माझ्यावर हात ठेवून आभार मानले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मित्रांनो, कौतुकाने तांबं हिरवं पडायचं थांबत नाही. मला राग येतो तो याचाच. माझी आठवण काढायला झाडं कोसळावी लागली, आणि एका म्हाताऱ्या बाईला थंडीत बसावं लागलं.

नाताळानंतर बुद्धभूषण स्वतः आला. त्याने नवी तार पुरली, पुन्हा थेट बोलायचं असं समितीकडून कबूल करून घेतलं, आणि माझ्या पाठीवर बारा चौकोनांचा कागद चिकटवला. दर महिन्याला कोणीतरी पाच मिनिटं मला चालू करायचं, तार बघायची आणि सही करायची.

घरातलं, गावातलं अडीनडीचं प्रत्येक यंत्र असंच असतं, मित्रांनो. त्याला हार नको, फोटो नको. गरज नसतानाची ती पाच मिनिटं तेवढी द्या.

आता २००८ चा ऑक्टोबर चालू आहे. बाहेर मेपलची पानं गळू लागली आहेत. माझ्या पाठीवरच्या कागदावर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च अशा तीन सह्या आहेत.